सोव्हिएत युनियनचं नक्की काय झालं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न, पासबुकाच्या बाजूने

गेली बरीच वर्षं हे प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच. एमपीएससी करणारी भाची, वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड काका ज्यांचा अजूनही ठाम विश्वास आहे की शेवटचा सोव्हिएत नेता गोर्बाचेव्ह अमेरिकेचा माणूस होता, आणि ऑफिसमधला मित्र ज्याचा मुलगा तिकडे एमबीबीएसला गेलाय. दर वेळी तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाच लिहून काढतोय. बहुतेक ठिकाणी ही गोष्ट नेत्यांच्या बाजूने सांगतात, कोण रणगाड्यावर चढला, कोणाचे हात थरथरले वगैरे. तेही येईल मधेमधे. पण मी ती पासबुकाच्या बाजूने सांगणार, म्हणजे साध्या घरातल्या बाईने बँकेत साठवलेल्या पैशांचं काय झालं या बाजूने. पुढचं बरंचसं राजकारण तिथूनच कळतं असं माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या.

प्रश्न: रशिया आणि सोव्हिएत युनियन एकच ना?

नाही, पण आपल्याकडे सगळे एकच म्हणायचे. आमच्या घरी सोव्हिएत मासिकं यायची, गुळगुळीत जाड कागदाची, त्यांची आम्ही जूनमधे वह्यांना कव्हरं घालायचो, त्यावर उझबेक बाई कापूस वेचत असली तरी आजी म्हणायची "रशियन बाई". सोव्हिएत युनियन म्हणजे १५ प्रजासत्ताकं. रशिया त्यातलं सगळ्यात मोठं, बाकी युक्रेन, बेलारूस, तीन बाल्टिक देश, जॉर्जिया-आर्मेनिया-अझरबैजान, मोल्दोवा आणि मध्य आशियातली पाच. १९९१ च्या शेवटापर्यंत १५ स्वतंत्र देश झाले, यूएनमधली कायमची खुर्ची आणि अणुबॉम्बचा वारसा रशियाकडे गेला आणि परदेशी कर्जही शेवटी त्यांनीच अंगावर घेतलं.

प्रश्न: लोकांना पगार होता, नोकरी पक्की होती, घर सरकारी. मग दुकानं रिकामी का?

हा खरा प्रश्न आहे आणि याला सगळ्यात जास्त वेळ द्यायला पाहिजे.

भाव सरकार ठरवायचं आणि ते वर्षानुवर्षं हलायचे नाहीत. का हलायचे नाहीत याला एक तारीख आहे. १९६२ च्या जूनमधे मांस आणि लोण्याचे भाव २५-३० टक्क्यांनी वाढवले, नोव्होचेर्कास्क नावाच्या गावात कामगार रस्त्यावर उतरले, सैन्याने गोळीबार केला, २० हून जास्त माणसं मेली आणि सगळं प्रकरण दाबून टाकलं. त्यानंतर जवळपास ३० वर्षं कुठल्याही नेत्याची पाव-मांसाच्या भावाला हात लावायची हिंमत झाली नाही. पगार मात्र हळूहळू वाढत गेले. म्हणजे खिशात पैसे वाढतायत, भाव तेच, आणि माल तेवढा बनत नाहीये. मग काय होणार? माल दुकानात आला की दोन तासांत गायब. पाव इतका स्वस्त होता की खेड्यात लोक डुकरांना पाव घालायचे, चाऱ्यापेक्षा परवडायचा.

यातून एक वेगळीच भाषा तयार झाली. रशियन माणूस "विकत घेतलं" म्हणायचा नाही, "मिळवलं" म्हणायचा. दुकानात माल आला याला "फेकला" म्हणायचे, आज कोपऱ्यावर बूट फेकलेत, पळा. ओळखीने काम करून घेणं म्हणजे "ब्लात", आपला वशिला. आणि प्रत्येकाच्या खिशात किंवा पर्समधे एक जाळीची पिशवी घडी करून ठेवलेली, तिचं नाव अवोस्का. "अवोस" म्हणजे "काय सांगावं, मिळेलही". या पिशवीच्या नावातच सगळं अर्थशास्त्र आलं. मोठी रांग असेल तर नंबर तळहातावर पेनाने लिहायचे, आणि रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग पुढच्याला विचारायचं कसली रांग आहे.

आणि जे पैसे खर्च होऊ शकत नव्हते ते कुठे गेले? सरकारी बचत बँकेत. तिचं छोटंसं पासबुक घराघरात असायचं. ८० च्या दशकाच्या मध्याला सरासरी पगार महिना १९०-२०० रूबलच्या आसपास, त्यात कोणी गाडीसाठी, कोणी मुलीच्या लग्नासाठी, कोणी स्वतःच्या अंत्यविधीसाठी साठवत होतं. हो, म्हाताऱ्या माणसांचं हे फार असायचं, मुलांवर भार नको. कागदावर करोडो कुटुंबं खाऊन-पिऊन सुखी होती. फक्त त्या आकड्यांच्या मागे माल नव्हता, आणि हे कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

प्रश्न: मग इतकी वर्षं चाललं कसं?

तेल. पश्चिम सायबेरियात ६० च्या दशकात प्रचंड साठे सापडले, १९७३ नंतर जगात तेलाचे भाव चढले, आणि त्या डॉलरमधून ज्या देशाला शेती जमत नव्हती तो अमेरिका-कॅनडाकडून धान्य घ्यायला लागला. १९८६ ला तेल कोसळलं, साधारण निम्म्यावर किंवा त्याहून खाली. त्यातच अफगाणिस्तानचा खर्च, शस्त्रास्त्रांचा खर्च आणि त्याच वर्षी २६ एप्रिलला चेर्नोबिल. "अमेरिकेने पाडलं" म्हणणाऱ्या काकांना मी एवढंच सांगतो की ढकललं असेल, पण भिंत आतून पोकळ होती.

प्रश्न: गोर्बाचेव्हनी नक्की केलं काय?

आधीचे तीन नेते अडीच वर्षांत गेले, ब्रेझनेव्ह नोव्हेंबर १९८२, आंद्रोपोव्ह फेब्रुवारी १९८४, चेर्नेन्को मार्च १९८५. लोक म्हणायचे रेडिओवर शोकसंगीत लागलं की कॅलेंडर बघावं लागत नाही. मग ११ मार्च १९८५ ला ५४ वर्षांचा, न अडखळता चालणारा आणि कागद न बघता बोलणारा माणूस आला, लोकांना त्याचंच अप्रूप. पेरेस्त्रोइका म्हणजे पुनर्रचना, ग्लासनोस्त म्हणजे मोकळेपणा, उघडपणे बोलणं. दुसरं जबरदस्त चाललं, पहिलं फसलं. पेपरात स्टालिनच्या काळातले खून छापून यायला लागले, १९८९ ला निवडणुकीत खरेखुरे एकाहून जास्त उमेदवार उभे राहिले, अधिवेशन टीव्हीवर लाइव्ह आणि लोक कामधंदा सोडून बघत बसलेले, १९९० ला घटनेतून कम्युनिस्ट पक्षाची मक्तेदारीच काढून टाकली. पण दुकानात जे मिळत होतं तेही मिळेना. आता माणसाला बोलायची परवानगी दिलीत आणि त्याच वेळी साबण गायब केलात तर तो बोलणार कशाबद्दल?

प्रश्न: त्याने दारूबंदी केली होती हे खरं का?

पूर्ण बंदी नाही, पण मे १९८५ पासून मोहीम जोरात. दुकानं कमी, वेळ कमी, भाव जास्त. मोल्दोवा, जॉर्जिया, क्रिमियात चांगल्या द्राक्षबागा उपटून टाकल्या, नाशिक-सांगलीकडच्या माणसाच्या हे वाचून पोटात गोळाच येईल. पुरुषांचं सरासरी आयुष्य दोन-तीन वर्षांनी वाढलं हे खरं, पण दारूवरच्या उत्पन्नावर सरकारचा गल्ला चालायचा तो आटला, आणि लोक घरी गावठी पाडायला लागल्यामुळे साखर गायब झाली, साखरेला रेशन कुपन आलं. गोर्बाचेव्ह जनरल सेक्रेटरी होते, लोक त्यांना मिनरल सेक्रेटरी म्हणायला लागले. एक जोक तर ते स्वतःच सांगायचे: व्होडकाच्या रांगेतला माणूस वैतागून म्हणतो मी चाललो गोर्बाचेव्हला मारायला, थोड्या वेळाने परत येतो, काय झालं म्हणून विचारलं तर म्हणतो तिथे याहून मोठी रांग आहे.

प्रश्न: हे अब्जाधीश ऑलिगार्क अचानक कुठून उगवले? कम्युनिस्ट देशात भांडवल कोणाकडे होतं?

भाचीचा आवडता प्रश्न. याची सुरुवात १९९२ ला नाही, १९८७-८८ ला आहे.

सोव्हिएत व्यवस्थेत रूबल दोन प्रकारचे होते. एक नोटा, ज्या पगारात मिळायच्या. दुसरा फक्त खात्यातला आकडा, कारखाना कारखान्याला द्यायचा तो. दुसऱ्याचा पहिला करता यायचा नाही, केला तर जेल. मग १९८७ च्या कायद्याने कारखान्याच्या मॅनेजरला थोडी मोकळीक मिळाली, १९८८ ला सहकारी धंद्यांना परवानगी आली (नावाला सहकार, आपल्या दूधसंघासारखं नाही, चक्क प्रायव्हेट धंदा), आणि पक्षाच्या युवक संघटनेच्या केंद्रांनाही खात्यातल्या आकड्याची नोट करून द्यायची सवलत मिळाली. झालं. कारखान्याने केंद्राला "तांत्रिक सल्ल्याचं" काम द्यायचं, केंद्राने रोख काढायची, वाटून घ्यायची. त्यात कॉम्प्युटर आयात करून विकले की सोन्याहून पिवळं. पुढे तेलकंपनीचा मालक झालेला मिखाइल खोदोर्कोव्स्की याच रस्त्याने वर आला, युवक संघटना, मग केंद्र, मग मेनातेप नावाची बँक. म्हणजे पहिलं भांडवल तयार झालं तेव्हा लाल झेंडा अजून वर होता. आणि ही रोख बाजारात ओतली गेल्यामुळे आधीच रिकाम्या असलेल्या दुकानांचं काय झालं असेल ते ओळखा.

प्रश्न: तिकडे पण नोटबंदी झाली होती म्हणे?

झाली होती, आणि आपण २०१६ ला बँकेच्या रांगेत उभे होतो तेव्हा मला सारखी तीच आठवत होती. २२ जानेवारी १९९१, रात्री ९ च्या बातम्या. ५० आणि १०० रूबलच्या नोटा बाद. बदलायला तीन दिवस. फक्त तीन. आणि एका माणसाला साधारण १००० रूबलपर्यंतच, त्यापुढच्यासाठी पैसे कुठून आले ते कमिटीला पटवायचं. पासबुकातून महिन्याला ५०० च्या वर काढायचे नाहीत. कारण तेच दिलं होतं, काळा पैसा आणि नकली नोटा. काढणारे पंतप्रधान व्हॅलेंटिन पाव्लोव्ह, जे आधी असलं काही होणार नाही म्हणत होते. ज्यांना कळलं ते त्याच रात्री मेट्रोच्या आणि रेल्वेच्या तिकीट खिडकीवर १०० ची नोट मोडायला पळाले, स्टेशनवरचा कॅशियर अजून बातम्या बघून आलेला नव्हता. काळा पैसावाल्यांनी आपलं बघून घेतलं, फटका बसला तो गादीखाली नोटा ठेवणाऱ्या आजीबाईंना. मग २ एप्रिलला सरकारी भावच दोन-तीनपट केले. तर हा पासबुकाला पहिला धक्का. लक्षात ठेवा, अजून दोन आहेत.

प्रश्न: ऑगस्ट १९९१ चं बंड म्हणजे काय प्रकार होता?

गोर्बाचेव्ह क्रिमियात फोरोसला सुट्टीवर, २० ऑगस्टला प्रजासत्ताकांना जास्त अधिकार देणारा नवा करार सही होणार होता. आदल्या दिवशी, १९ ला, त्यांच्याच उपराष्ट्राध्यक्ष, केजीबी प्रमुख, संरक्षणमंत्री, पंतप्रधान (हो, तेच पाव्लोव्ह) यांनी आणीबाणी जाहीर केली, रणगाडे मॉस्कोत आणले, आणि टीव्हीवर दिवसभर स्वान लेक बॅले. संध्याकाळी पत्रकार परिषदेत उपराष्ट्राध्यक्ष यानायेव्हचे हात थरथरताना सगळ्या देशाने बघितले, आणि एका तरुण पत्रकार मुलीने सरळ विचारलं की तुम्ही काल रात्री सत्ता उलटवलीत हे तुम्हाला कळतंय का. इकडे बोरिस येल्त्सिन, जे जूनमधेच रशियाचे राष्ट्राध्यक्ष म्हणून ५७ टक्के मतांनी निवडून आले होते, रणगाड्यावर चढून भाषण करून मोकळे. तीन दिवसांत बंड गुंडाळलं, त्यात तीन तरुण मुलं मेली. गोर्बाचेव्ह मॉस्कोला परत आले पण सत्ता परत आली नाही.

प्रश्न: देश कायद्याने कधी संपला आणि कोणी संपवला?

मार्चमधल्या सार्वमतात ७६ टक्के लोक म्हणाले होते युनियन राहू दे (सहा प्रजासत्ताकांनी त्यावर बहिष्कार टाकला होता, हे सांगायचं लोक विसरतात). १ डिसेंबरला युक्रेनमधे ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्याला मत दिलं आणि खरं तर तिथेच विषय संपला. ८ डिसेंबरला बेलारूसच्या जंगलातल्या सरकारी शिकारी बंगल्यावर रशिया, युक्रेन, बेलारूसच्या नेत्यांनी युनियन संपल्याच्या करारावर सही केली. २५ डिसेंबरला गोर्बाचेव्हनी टीव्हीवर राजीनामा दिला, क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. एवढा मोठा देश, आणि शेवट इतका साधा की मॉस्कोतले बरेच जण त्या संध्याकाळी दूध कुठे मिळेल याच विवंचनेत होते.

प्रश्न: शॉक थेरपी म्हणजे काय? आणि पासबुकाला दुसरा धक्का तोच का?

तोच. २ जानेवारी १९९२. येगोर गैदार, वय ३५, अर्थतज्ज्ञ, येल्त्सिन सरकारचे उपपंतप्रधान. सरकारी गोदामं रिकामी, तिजोरीत डॉलर नाहीत, शहरांत पाव पुरेल की नाही ही भीती. त्यांनी बहुतेक सगळे भाव एका दिवसात मोकळे सोडले. पहिल्याच महिन्यात भाव साडेतीनपट झाले, वर्षभरात साधारण २६ पट. आता हिशोब करा. आजीच्या पासबुकात ५००० रूबल, २५ वर्षांची बचत. डिसेंबर १९९२ ला त्याची किंमत आधीच्या २०० रूबलइतकी सुद्धा उरली नाही. एक पगार. कोणी चोरी केली नाही, बँक बुडाली नाही, पासबुकातला आकडा जसाच्या तसा आहे, शाईसुद्धा पुसलेली नाही.

गैदारांचे समर्थक म्हणतात ते पैसे आधीच मेले होते, त्यांनी फक्त डेथ सर्टिफिकेट दिलं. हिशोबाने ते बरोबरच आहे, मी आधी सांगितलंच की आकड्यामागे माल नव्हता. पण ज्याचे गेले त्याला हे सांगून बघा.

त्याच जानेवारीच्या शेवटी मुक्त व्यापार, म्हणजे कोणीही कुठेही काहीही विका असा हुकूम निघाला. मॉस्कोत लोक फुटपाथवर ओळीने उभे राहिले, कोणाच्या हातात सिगारेटची पाकिटं, कोणाच्या हातात मुलाचे लहान झालेले बूट, लोकरी मोजे, एखादी व्होडकाची बाटली. गैदारनी नंतर सांगितलंय की त्यांना लांबून ती रांग वाटली, जवळ गेल्यावर कळलं की हे सगळे विकणारे आहेत, आणि पोलिसाने हटकू नये म्हणून कित्येकांनी त्या हुकूमाचं पेपरातलं कात्रण कोटाला टाचणीने लावलं होतं. मला या सगळ्या इतिहासातलं हेच चित्र सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय. कित्येक दशकं धंदा करणं गुन्हा होता, आता परवानगी आहे, पण विश्वास कोणाचा बसणार, कात्रण असलेलं बरं.

हळूहळू दुकानं भरली, हेही सांगायला पाहिजे. रांगा संपल्या. फरक इतकाच की पूर्वी पैसे होते माल नव्हता, आता माल होता.

प्रश्न: व्हाउचरची काय भानगड?

सरकारी कारखाने लोकांचे, तर लोकांना वाटून टाकू, अशी कल्पना. अनातोली चुबाइस यांचं खातं. १ ऑक्टोबर १९९२ पासून तान्ह्या बाळापासून सगळ्यांना एकेक व्हाउचर, किंमत छापलेली १०,००० रूबल, घ्यायला २५ रूबल फी. चुबाइस म्हणाले एका व्हाउचरची किंमत दोन व्होल्गा गाड्यांइतकी होईल. हे वाक्य त्यांना आयुष्यभर चिकटलं. कारण त्या महागाईत १०,००० रूबल म्हणजे थोड्याच दिवसांत काही बाटल्या व्होडका, आणि खरंच अनेकांनी मेट्रो स्टेशनबाहेर गळ्यात "व्हाउचर घेतो" अशी पाटी अडकवलेल्या माणसाला ते तेवढ्यालाच विकून टाकलं. शेअर म्हणजे काय हे ज्यांना कोणी कधी शिकवलं नव्हतं त्यांनी दुसरं करायचं तरी काय? काहींनी फंडात टाकलं, ते फंड गायब. कारखान्याचे मॅनेजर मात्र कामगारांकडून गोळा करत बसले आणि मालक झाले.

वर एमएमएम नावाची स्कीम. आपल्याकडच्या चिटफंडाचाच मोठा भाऊ. टीव्हीवर लेन्या गोलुब्कोव्ह नावाचा साधाभोळा जाहिरातीतला माणूस, आधी बायकोला बूट घेतो, मग कोट, मग फर्निचर. लाखो लोकांनी पैसे लावले, १९९४ च्या उन्हाळ्यात सगळं कोसळलं. आणि तो चालवणारा सेर्गेई मावरोदी त्याच वर्षी खासदार म्हणून निवडून आला! ज्यांचे बुडाले त्यांनीच मतं दिली, का तर हा बाहेर राहिला तर पैसे परत देईल. हसू नका, आपल्याकडेही असे ठेवीदार मी बघितलेत.

प्रश्न: पण तेलकंपन्या कशा गेल्या? त्या तर व्हाउचरने नाही गेल्या ना?

नाही, त्यासाठी १९९५ ची वेगळी योजना, "कर्जाच्या बदल्यात शेअर". बँकर व्लादिमीर पोतानिनची आयडिया. सरकारला पैसे पाहिजेत, बँका कर्ज देणार, तारण म्हणून मोठ्या कंपन्यांचे शेअर, सरकारने फेडलं नाही तर बँकेने लिलाव करायचा. सरकार फेडणार नाही हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लिलाव भरवणारी बँक आणि जिंकणारी कंपनी एकाच घरातली, दुसरा कोणी आला तर कागदपत्रात चूक काढून बाहेर. युकोसचा ४५ टक्के हिस्सा साधारण १५.९ कोटी डॉलरला खोदोर्कोव्स्कीच्या गटाकडे. सिबनेफ्तचा अर्ध्याहून जास्त हिस्सा १० कोटी डॉलरला बेरेझोव्स्की-अब्रामोविचकडे. आता पुढचं वाचा: २००५ ला सिबनेफ्तचा साधारण ७३ टक्के हिस्सा सरकारी गाझप्रोमने परत विकत घेतला, १३ अब्ज डॉलरला. दहा वर्षांत. असला भाव तर हिंजवडीच्या जमिनीलाही मिळाला नाही.

प्रश्न: हे सगळं लोकशाहीत कसं चाललं? संसद नव्हती का?

होती, आणि तिच्याशी येल्त्सिनचं वाजलं. सप्टेंबर १९९३ ला त्यांनी संसद बरखास्त केली, घटनेत तसा अधिकार नव्हता, संसदेने त्यांनाच बडतर्फ केलं, आणि ४ ऑक्टोबरला रणगाड्यांनी संसदेच्या पांढऱ्या इमारतीवर तोफा डागल्या. तीच इमारत जिच्यासमोर दोन वर्षांपूर्वी ते रणगाड्यावर चढले होते. सरकारी आकड्यानुसारच दीडशेच्या आसपास माणसं मेली. डिसेंबरला नवी घटना आली, राष्ट्राध्यक्षाला भरपूर अधिकार देणारी. पश्चिमेकडच्या देशांनी टाळ्या वाजवल्या. आज त्या अधिकारांबद्दल बोंब मारणारे तेव्हा कुठे होते हे विचारायला हरकत नाही.

१९९६ ची निवडणूक पण तशीच. वर्षाच्या सुरुवातीला येल्त्सिनचा पाठिंबा एक आकडी, समोर कम्युनिस्ट झ्युगानोव्ह. बँकवाले एकत्र आले, टीव्ही चॅनेल त्यांचेच. दोन फेऱ्यांच्या मधे येल्त्सिनना हार्ट अटॅक आला तो लपवला. जुलैमधे साधारण ५४ विरुद्ध ४० ने जिंकले.

प्रश्न: पगार महिनोन्महिने मिळत नव्हते म्हणतात, मग लोक जगले कसे?

बटाट्यावर. खरंच. सोव्हिएत काळात शहरातल्या कामगारांना गावाबाहेर बागेसाठी तुकडा मिळायचा, ठरलेलं माप सहा सोत्का, एक सोत्का म्हणजे १०० चौरस मीटर. म्हणजे आपले जवळजवळ बरोबर सहा गुंठे! त्या सहा गुंठ्यांत इंजिनिअर, प्रोफेसर, सगळे शनिवार-रविवार बटाटे, काकड्या, कोबी लावायचे आणि हिवाळ्यासाठी बरण्या भरायचे. माझ्या मते रशियात दुष्काळ पडला नाही त्याचं श्रेय कुठल्याही मंत्र्याच्या आधी या सहा गुंठ्यांना द्यायला पाहिजे.

कारखान्यांकडे रोख नव्हती म्हणून मालाच्या बदल्यात माल, आणि कामगाराला पगार म्हणून तोच माल. गुस-ख्रुस्ताल्नी गावात काचेचा कारखाना, तिथले कामगार पगारात मिळालेले ग्लास आणि झुंबरं घेऊन रेल्वे प्लॅटफॉर्मवर प्रवाशांना विकायचे. शिकलेल्या बायका मोठमोठ्या पट्ट्यापट्ट्यांच्या पिशव्या घेऊन इस्तंबूल आणि चीनला जायच्या, कपडे आणून बाजारात विकायच्या. यांना चेल्नोक म्हणायचे, म्हणजे विणकराचा धोटा, इकडून तिकडे तिकडून इकडे. सगळेच काही निभावले नाहीत. १९९४ ला पुरुषांचं सरासरी आयुष्य ५८ च्याही खाली गेलं, १९८७ ला ते ६५ च्या आसपास होतं. युद्ध नसताना असं होत नाही सहसा (चेचन्याचं युद्ध त्याच डिसेंबरला सुरू झालं, पण हा आकडा दारू, हृदयविकार आणि हताशपणाचा आहे).

प्रश्न: तिसरा धक्का?

१७ ऑगस्ट १९९८, सोमवार. सरकार जुनं कर्ज फेडायला आणखी चढ्या व्याजाने नवीन काढत होतं, तेल स्वस्त झालं, आशियातलं संकट आलं. त्या दिवशी सरकारने कर्जरोखे फेडणार नाही जाहीर केलं आणि रूबल घसरू दिला. एका डॉलरला सहा-सव्वासहा रूबल होते ते काही आठवड्यांत २० च्या पुढे. वर्षाच्या सुरुवातीलाच तीन शून्यं कापून नवा रूबल आणला होता, म्हणजे लोक नुकते कुठे परत हिशोब करायला शिकले होते. खासगी बँका बंद पडल्या, आणि या वेळी बुडालेल्यांत तो नवा मध्यमवर्ग होता ज्याने १९९२ नंतर पहिल्यांदा धीर करून परत पासबुक उघडलं होतं.

प्रश्न: चीनला जमलं ते यांना का नाही?

थोडक्यात सांगतो, कारण यावर कोणीही रात्रभर बोलू शकतो. चीनमधे १९७८ ला बहुतेक लोक शेतात होते, त्यांना जमीन कसायला दिली की पीक लगेच वाढलं. सोव्हिएत युनियनमधे बरेच लोक अशा कारखान्यांत होते ज्यांचा माल कोणाला नको होता, ते दुरुस्त करायचे म्हणजे आधी बंद करायचे. शिवाय चीनने पक्षाची पकड ठेवून बाजार मोकळा सोडला, गोर्बाचेव्हनी पक्षाची पकड सोडली आणि बाजार आणलाच नाही. तियानमेनसारखा, म्हणजे आंदोलकांवर रणगाडे घालायचा, रस्ता त्यांनी देशभर घेतला नाही याचं श्रेय मी त्यांना देतो, तिबिलिसी आणि विल्नियसमधे रक्त सांडलं हे माहीत असूनसुद्धा.

प्रश्न: आपल्यावर काय परिणाम झाला?

बराच. नाशिकजवळ ओझरला एचएएलमधे मिग विमानं बनायची, १९९१ नंतर सुट्या भागांची बोंब, कारण पूर्वी एका मंत्रालयाला पत्र लिहिलं की काम व्हायचं, आता एक भाग रशियात, दुसरा युक्रेनमधे, तिसरा जॉर्जियात, आणि सगळ्यांना रोख डॉलर पाहिजेत, जे त्या वर्षी आपल्याकडेही नव्हते, आपलंही सोनं तेव्हाच गहाण पडलं होतं. रुपया-रूबल व्यापार बंद झाला, चहा आणि होजियरीवाल्यांचं हक्काचं गिऱ्हाईक गेलं. जुन्या कर्जाचा रूबलचा भाव काय धरायचा यावर भांडण, ते जानेवारी १९९३ ला येल्त्सिन दिल्लीला आले तेव्हा मिटलं. क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान द्यायचं ठरलं होतं, अमेरिकेच्या दबावाखाली रशियाने १९९३ ला माघार घेतली. आणि दोन-पाच रुपयांत मिळणारी जाड पुठ्ठ्याची गोष्टींची पुस्तकं आणि गणिताची पुस्तकं यायची बंद झाली, याचं दुःख आमच्या पिढीला विमानांपेक्षा जास्त आहे. अण्णाभाऊ साठे १९६१ ला ज्या देशात जाऊन आले तो नकाशावर उरला नाही, मॉस्कोत त्यांचा पुतळा मात्र २०२२ ला बसला.

प्रश्न: मग पुतीन इतके लोकप्रिय का झाले?

वर वाचलंत ना? तीन वेळा पासबुक कोरं झालेल्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. ३१ डिसेंबर १९९९ ला येल्त्सिननी माफी मागत खुर्ची सोडली, पुतीन आले, आणि १९९८ ला १० डॉलरच्या आसपास गेलेलं तेल २००८ पर्यंत १०० च्या पुढे. पेन्शन वेळेवर यायला लागली. २००३ ला खोदोर्कोव्स्कीला अटक झाली तेव्हा पाश्चात्य पेपर हळहळले, रशियातली आजी नाही हळहळली. युकोसचा मोठा भाग सरकारी रोसनेफ्तकडे गेला, म्हणजे मालक बदलले, लोकांना परत काही मिळालं नाही, पण तिला तेवढंही बघून बरं वाटलं. चॅनेल सरकारकडे गेले, राज्यपालांच्या निवडणुका २००४ नंतर बंद केल्या, तेव्हाही फार कोणी रस्त्यावर आलं नाही. "लोकशाही" हा शब्द ज्या वर्षांशी जोडला गेला ती वर्षं अशी होती. हे मी समर्थन म्हणून सांगत नाहीये, पुढे त्याची किंमत काय झाली ते युक्रेनमधे दिसतंच आहे.

प्रश्न: त्या जुन्या ठेवींचं शेवटी काय झालं? मिळाले का कोणाला?

१९९५ ला कायदा झाला की सोव्हिएत काळातल्या त्या ठेवी म्हणजे सरकारचं देणं आहे आणि खऱ्या किमतीने परत करायचं. कायदा अजून आहे, पूर्ण परतफेड मात्र पुढे ढकलतात, पुन्हा पुढे ढकलतात. तोपर्यंत थोडी भरपाई मिळते, १९४५ किंवा त्याआधी जन्मलेल्यांना २० जून १९९१ च्या शिलकीच्या तीनपट, त्यानंतरच्यांना दुप्पट, आजच्या रूबलमधे, म्हणजे कधीकाळच्या गाडीच्या पैशात आता एखादा साधा मोबाइल येईल. अर्ज करायला बँकेत जावं लागतं, ओळखपत्र घेऊन. आणि सोबत ते जुनं पासबुक मागतात.